कष्टांइतकेच नशीबही: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काकांच्या धाकट्याचे पीयूसीचे दुसरे वर्ष (म्हणजे बारावी) सुरू झाल्यापासून तुम्ही त्याला माझे उदाहरण देता आणि कष्ट केले की सगळे मिळते असे सांगता, हे त्याच्याकडूनच कळले. मी कष्ट केले हे खरेच आहे. पण माझ्या अभियांत्रिकीच्या पदवीत नशिबाचा वाटाही मोठा होता आणि तोही त्याला कळावा, असे मला मनापासून वाटते.

बेळगावजवळच्या खानापूरला माझ्याबरोबर शिकणारी माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तके हाती आली तेव्हा आम्ही दोघी सारख्याच अडखळलो, आणि गणितात तर ती माझ्याहून सरस होती. पण ऐन कर्नाटकच्या सीईटीच्या (अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या) तोंडावर तिचे वडील अंथरुणाला खिळले, घर आणि शेत तिच्या अंगावर पडले आणि ती परीक्षेला बसूच शकली नाही. बाबा, त्या वर्षी तुमची प्रकृती ठणठणीत होती, यात माझे कर्तृत्व कोणते?

पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकल्यामुळे मला सीईटीत ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीच्या १५ टक्के जागांचा आधार होता (हे आरक्षण मला न्याय्यच वाटते), तर कन्नड माध्यमासाठीच्या ५ टक्के जागा मराठी शाळेतल्या आम्हा मुलांना बंद होत्या. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांत आपले गाव येत असल्याने तिकडच्या प्रवेशाची वाटही मला खुली होती. यातले काहीच मी मिळवलेले नव्हते.

नेदरलँड्समध्ये १९७२ पासून बरीच वर्षे वैद्यकीय शिक्षणाच्या जागा सोडतीने दिल्या जात. बराच काळ गुण जास्त तर संधी जास्त, पण बहुतेकांना हमी नाही, अशी ती पद्धत होती. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण जागा हुकलेल्या मुलाला ती नालायक ठरवत नाही. आपल्याकडे मात्र एका गुणावरून घरोघरी मुलांची लायकी ठरते.

त्याने अभ्यास जरूर करावा, पण निकाल मनासारखा लागला नाही तर त्याचे कष्ट कमी पडले असे घरात कोणीही म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे. शाळेकडून ग्रामीण अध्ययनाचे प्रमाणपत्र घेऊन त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही मात्र त्याने आत्ताच करून घ्यावी. ऐन वेळी कचेरीत फार गर्दी होते.

तुमची लेक