काकी, तुमच्यामुळे टोमॅटो हाती लागले

ती. काकींस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. शिवाय आपल्या वेंगुर्ल्याकडे ‘हय टोमॅटो होणत नाय’ म्हणून परसात आपसूक आलेली रोपं उपटून टाकणाऱ्यांनीही हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

पाऊस सरला आणि मोरीचं पाणी जातं त्या माडाच्या आळ्यात टोमॅटोची रोपं दाटीने उगवली. थोडी परसाच्या वरच्या अंगालाही आली. फेकलेलं फळ कुजलं की बियांभोवतीचा बुळबुळीत थर जातो आणि बी रुजायला मोकळं होतं. रोपं फुलावर आली आणि एका दुपारी आळ्यातल्या एकाने मान टाकली. पानं हिरवीगार, मुळाशी ओल, तरी मलूल.

तुम्ही खोड बुडाशी कापलंत आणि तो तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलात. कापल्या जागेतून दुधाळ पांढरा धागा हळूहळू खाली उतरू लागला. “झाडाचो दोष नाय गो, मातयेत रोग आसा,” म्हणालात.

तो धागा म्हणजे खोडातले जिवाणू; हा जिवाणूंचा मर रोग. मुळांतून शिरतो, पाण्याबरोबर पसरतो, वांगी-मिरचीलाही धरतो. वरून फवारून काही होत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विकतच्या औषधांची नावं मात्र पुष्कळांनी सांगितली होती!

आळ्यातली रोपं तुम्ही मुळासकट काढून जाळायला लावलीत, खतात टाकू दिली नाहीत. आळ्यातलं पाणी पोचत नव्हतं त्या वरच्या अंगाची तेवढी ठेवलीत. स्वतःच्या भाताच्या कुणग्यातली, म्हणजे खाचरातली, माती डोक्यावरून आणून सिमेंटच्या रिकाम्या गोणींत भरलीत, त्यात जुनं शेणखत मिसळलंत. ती ठेवलेली रोपं त्यात लावताना खालची पानं खुडून खोड खोल पुरलंत, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. चिवारीच्या काठ्या, काथ्याची दोरी, बुडाशी वाळल्या पानांचा पातेरा, सगळं तुमचंच.

फळं एकसारखी नाहीत. बाजारच्या संकरित फळांचं बी असणार, त्याची झाडं एकसारखी निघत नाहीत. एका झाडाला लांबट, दुसऱ्याला गोल आणि चांगली आंबट. त्या आंबट टोमॅटोचं सार सध्या घरात रोज होतं. त्याच झाडाचं बी राखेत घोळून सुकवलंय. निम्मं तुमचं. पुढची भातकापणी झाली की घेऊन येते, आणि या खेपेला माती मी वाहीन.

तुमची,
शेजारीण