चोखोबांनी समाधी घेतली नाही

मा. संपादक,
स. न.

आषाढीच्या आधी आपण संतांवर जी पुरवणी काढली, ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचली. चांगली होती. फक्त तिसऱ्या पानावरच्या चौकटीत ‘संत चोखामेळा यांनी मंगळवेढे येथे समाधी घेतली’ असं छापलंय, तिथं माझा चहा निवला. म्हणून हे पत्र.

मी ४२ वर्षं गवंडीकाम केलं. गुडघे गेले म्हणून थापी-ओळंबा खाली ठेवला. शिक्षण सातवीपर्यंत, पण घरात माळ आजोबांपासून आहे आणि बऱ्याच वाऱ्या पायी झाल्यात. तेव्हा भिंत आणि वारी या दोन गोष्टींवर मी बोलू शकतो.

समाधी घेतली ज्ञानोबांनी. आळंदीला, शके १२१८ मध्ये, दिवस ठरवून, संतमंडळी निरोपाला जमलेली असताना. चोखोबांचं तसं काही झालं नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम निघालं, त्यावर महारांना वेठीनं लावलं, त्यांत चोखोबा होते. भिंत ढासळली आणि खाली माणसं गाडली गेली. शके १२६०, म्हणजे १३३८ साल, वैशाख वद्य पंचमी. परंपरा सांगते ती एवढीच आहे, त्यात समाधी घेण्याजोगं काय दिसलं तुमच्या लेखकाला?

आणि भिंत कसली, तर गावकुसाची. महारवाडा असायचा कुसाबाहेर. म्हणजे जी भिंत आपल्याला बाहेर ठेवणार, तिचेच दगड डोक्यावर वाहायचे. दगड-मातीची जाड भिंत मी उतरवलीही आहे आणि बांधलीही आहे. दोन्ही तोंडांना मोठा दगड, मधे चिपा आणि मातीची भर. आरपार जाणारा दगड जागोजाग घातला नाही तर दोन्ही तोंडं सुटी होतात, भर दबते आणि भिंतीला पोट येतं. आमच्यात म्हणतात, पोट आलेल्या भिंतीखाली बिडीसुद्धा ओढू नये.

१९९१ साली एका तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याच्या भिंतीलगत आम्ही पाया खणत होतो. भिंतीला पोट होतं. मी मालकाला म्हटलं, आधी टेकू लावू. तो म्हणाला, दोन दिवसांचं तर काम. दुपारी भाकरी खाऊन माणसं खड्ड्यात उतरली आणि सुपात तांदूळ पाखडावेत तसा बारीक आवाज आला. माती गळत होती. मी ओरडलो. दोघं वर आले, तिसरा वाकलेला होता. अशा वेळी पहार-फावडं चालवायला हात धजत नाही, कारण खाली माणूस असतो. हातानंच उकरलं, पाऊण तास. बाहेर काढला तेव्हा त्याचा चेहरा, आमचे हात, मालकाची टोपी, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. त्याच्या बायकोनं त्याला कमरेच्या करदोट्यावरून ओळखला, किल्ली होती त्याला बांधलेली. कागदावर ‘अपघाती मृत्यू’ लागलं. टेकूचं कुणी काढलं नाही. मीही फार लावून धरलं नाही, हे कबूल करतो.

त्यानंतर चोखोबांचं आख्यान मला पूर्वीसारखं ऐकताच येत नाही. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावली, ज्यांतून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपुरी महाद्वारासमोर आणून ठेवली. कीर्तनात इथं गजर होतो. मीही केलाय. पण आता माझं ध्यान भलतीकडंच जातं. नामदेवरायांनी कानाला लावून परत खाली ठेवली, ती हाडं कुणाची? तीही वेठीवरचीच माणसं ना! त्यांच्याही घरी एखादी सोयराबाई, एखादा कर्ममेळा वाट बघत असेल. एकाचंही नाव मी कुठल्या आख्यानात ऐकलेलं नाही.

जिवंतपणी चोखोबांचं काय केलं, तेही तुमच्या चौकटीत नाही. बडवे मला मारतात, विठू धाव, असं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. मंदिरात पाऊल टाकू दिलं नाही. ज्ञानोबांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत, ही आपल्याकडची रीतच आहे. पुढं त्याच गावात पालखी निघते. चोखोबांच्या बाबतीत तर महाद्वारासमोर त्यांच्या अस्थींवर बसवलेला दगडच सीमा झाला. अस्पृश्यांनी दर्शनाला यायचं ते चोखोबांच्या समाधीपर्यंत, पुढं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले तेव्हा कुठं ती वाट मोकळी झाली. १३३८ ते १९४७, हिशेब तुम्हीच करा. चोखोबा आणि गाभारा यांच्यात किती पावलं आहेत, ती मी एकदा एकादशी सोडून मोजायला गेलो होतो, पण माणसं उभंच राहू देत नाहीत. सगळे नामदेव पायरीकडं वळतात.

माझा पुतण्या कॉलेजात शिकवतो. तो म्हणतो, काका, चोखोबा हुतात्मा होते, तसं लिहा. मला ते पटत नाही. हुतात्मा आपण होऊन जीव देतो. चोखोबांना कुणी विचारलं होतं, भिंतीवर येता का म्हणून? हुतात्मा म्हटलं की वेठीला लावणारा आपोआप सुटतो, आणि समाधी म्हटलं की भिंतसुद्धा सुटते. यावर पुतण्या गप्प बसला, पण तो मोठ्यांसमोर वाद घालत नाही, त्यामुळं पटलं असेलच असं नाही.

मंगळवेढा पंढरपुरापासून काही लांब नाही, एसटीनं तासाभराच्या आत पोचतो. तिथल्या ज्वारीवर आणि दामाजीपंतांच्या कोठारावर आपण दरवर्षी लिहिता. एकदा त्या भिंतीवरही लिहा.

आणि पुढच्या वर्षी हीच चौकट पुन्हा छापणार असाल (छापताच, मी कात्रणं ठेवतो), तर एवढी दुरुस्ती करा: ‘समाधी घेतली’ काढून ‘वेठीवर असताना इतर मजुरांसह भिंतीखाली गाडले गेले’ असं घाला. शब्द थोडे वाढतात. जागा पुरत नसेल तर शेजारचा पालकमंत्र्यांचा शुभेच्छांचा फोटो थोडा लहान करावा.

कळावे,
एक निवृत्त गवंडी,
बार्शी, जि. सोलापूर