शुक्रवारी दुपारी कोण काय बोललं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातलं खासदारांचं प्रगतिपुस्तक वाचलं. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा. आमच्या गावात तो तक्ता पारावर मोठ्याने वाचला गेला आणि पहिला कोण, शेवटचा कोण यावर तासभर हुज्जत झाली. त्या तासाभरात एकानेही विचारलं नाही, की ही मंडळी तिथे बोलली तरी काय? विचारणार कसं, तुमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

प्रश्नांच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), तेही सोडतीने, आणि त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांची उत्तरं लेखी. एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावं दिसतात. दिल्लीत एक हुशार पोरगा कामाला ठेवला की आकडा फुगतो. गावाकडे तर त्याहून सोपं माप आहे: बसथांब्यावर ‘खासदार फंडातून’ असं रंगवलेलं असलं की खासदार कामाचा. वर्षाला ५ कोटींचा तो फंड १९९३ साली सुरू झाला. त्याआधीचे खासदार मग कशावरून ओळखले जात होते? १९५७ साली साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले, त्यांच्याकडे वाटायला एक सिमेंटचं पोतं नव्हतं.

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की मोटर चालू करून बांधावर बसायचं, आणि मोबाइलवर संसदेतली भाषणं ऐकायची, हा माझा नाद. (हिवाळी अधिवेशन नेमकं गळीत हंगामात येतं. ऊसतोडीची टोळी वेळेवर आली नाही, की माझं ऐकणं वाढतं.) त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळते. एक-दोन खासदारांच्या पक्षाचा माणूस उभा राहिला, की सोयाबीनचा भाव कसा पडला हे सांगेपर्यंत घंटा वाजते आणि अध्यक्षांच्या आसनावरून पुढचं नाव पुकारलं जातं. त्यातून आपले बरेच ग्रामीण खासदार हिंदीत अडखळतात. सभागृहात मराठीतून बोलता येतं, भाषांतराची सोय आहे. तरी ती वापरणारे थोडे. आपल्या भाषेत पोटतिडकीने बोलणारा माणूस हिंदीत गेला की निवेदन वाचल्यासारखा बोलतो.

थोडी ऐसपैस जागा मिळते ती शुक्रवारी दुपारी. शेवटचे अडीच तास सरकारचे नसतात, सदस्यांच्या खासगी विधेयकांचे आणि ठरावांचे असतात. तोवर बरेच जण विमानतळाच्या वाटेला लागलेले. आजवर संसदेने मंजूर केलेली खासगी विधेयकं फक्त १४ आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. म्हणजे तिथे विधेयक मांडणाऱ्याला ते मंजूर होणार नाही हे ठाऊक असतं, तरीही तो मांडतो.

२०१८ च्या पावसाळी अधिवेशनात शेतकरी नेते आणि तेव्हाचे आमचे खासदार राजू शेट्टी यांनी अशी दोन विधेयकं मांडली. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं, दुसरं शेतमालाला रास्त हमीभावाचा हक्क देणारं. त्यांची सगळी आंदोलनं मला पटली असं नाही. हंगामात वाहतूक अडली तेव्हा माझाही ऊस फडात वाळला आहे. पण हे मसुदे कुणा एका घरात लिहिलेले नव्हते. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये देशभरातल्या शेतकरी संघटनांनी दिल्लीत संसद मार्गावर स्वतःची ‘संसद’ भरवून ते मांडले होते. खर्चाच्या दीडपट भाव म्हणताना खर्च कुठला धरायचा, हा त्यातला कळीचा प्रश्न. फक्त बी-खत-मजुरी आणि घरच्यांची राबणूक धरायची, की जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याजही? दीडपट भावाची शिफारस करणाऱ्या स्वामीनाथन आयोगानंतरचा सगळा वाद या एका फरकात आहे. सरकार दीडपट दिला म्हणतं आणि शेतकरी मिळाला नाही म्हणतो, तेव्हा दोघं वेगवेगळा खर्च धरून बोलत असतात. ज्याने स्वतः उसाचा हिशेब वहीत मांडलाय, त्याला हे सांगावं लागत नाही. पण सभागृहात ते नोंदवायला असा वहीवाला माणूसच उभा राहावा लागतो. पुढे १६वी लोकसभा विसर्जित झाली आणि दोन्ही विधेयकं व्यपगत झाली, म्हणजे निर्णयाविनाच आपोआप बाद झाली.

यावर कुणी म्हणेल, मग उपयोग काय? विसापूर आठवा. तासगाव तालुक्यातलं हे गाव वि. स. पागे यांचं. तिथे आणि आसपासच्या गावांत १९६५ साली, मागेल त्याला काम देण्याचा, म्हणजे रोजगार हमीचा प्रयोग झाला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात हीच कल्पना लाखो हातांना काम देत राहिली, १९७७ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली देशाचा. मधे ४० वर्षं गेली. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा साधारण २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तोही १९७५ साली याच रोजगार हमीसाठी लावलेला. किती जणांना माहीत आहे, देव जाणे.

उलट बाजूही पाहा. २०१८ आणि २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनांत सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना संमत केल्या, शेतीखात्याच्याही. तीन कृषी कायदे २०२० साली संसदीय समितीकडे न पाठवता झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला, दोन्ही सभागृहांत चर्चा न होता, ते रद्द करणारं विधेयक एका दिवसात मंजूरही झालं. कायदे बरे होते की वाईट, हा वाद बाजूला ठेवतो. पण कायदे आणताना ते समितीत बसून तपासायची आणि मागे घेताना त्यावर बोलायची संधी ग्रामीण भागातून गेलेल्या खासदाराला मिळाली नाही. तुमच्या तक्त्यात मात्र त्या दिवशी सगळे ‘हजर’.

म्हणून एक विनंती. अधिवेशन चालू असताना दर शनिवारी बाजारभावांच्या शेजारी चार बोटं जागा द्या. आदल्या दिवशी आपल्या भागातलं कोण बोललं, कशावर बोललं, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, इतकंच छापा. भाषणाचा पूर्ण मजकूर लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतो. वार्ताहराला दिल्लीला पाठवायचीही गरज नाही. कुणी बोललंच नसेल, तर ती जागा कोरी सोडा.

ता. क. : त्याच पानावर वरील हमीभावाचं विधेयक ‘संसदेने फेटाळले’ असं छापलं आहे. ते मतदानाला आलंच नव्हतं. दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर