कॉर्नरच्या प्लॉटवर सात फुटांची बंद भिंत: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
प्रीकास्ट वॉलकंपाउंड विभाग

विषय: नागपूर येथील माझ्या कॉर्नरच्या प्लॉटवर मान्य स्केच सोडून उभारलेले वॉलकंपाउंड स्वखर्चाने काढून नियमाप्रमाणे बांधून देणे, आणि न मागितलेल्या पाट्यांचे (खांबांत बसवायच्या सिमेंटच्या आडव्या फळ्यांचे) जादा बिल रद्द करणे.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्रातून मला कळवण्यात आले की माझी तक्रार निकाली निघाली आहे. भिंत जागेवर आहे. तीच, सात फुटांची, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्याकडे वळणारी, सलग बंद. झोन कार्यालयाची नोटीस माझ्या टेबलावर आहे आणि जादा बिलाचे मेसेज मोबाइलवर येतच आहेत. यातले काय निकाली निघाले, हे फोनवरच्या मुलीलाही सांगता येईना. तिचा दोष नाही. तिच्या समोरच्या स्क्रीनवर कोणीतरी तसे लिहून ठेवले होते. ते कोणी लिहिले आणि कशाच्या आधारावर लिहिले, हे मला आपल्याकडून हवे आहे.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. आयुष्यभर नकाशे काढले, दुसऱ्यांच्या नकाशांतली मापे तपासली. म्हणून वर्क ऑर्डरसोबत मी तोंडी वर्णन न देता स्केच दिले. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता प्लॉटच्या एक फूट वर गेला आहे, तो फरक त्यात दाखवला होता. समोरच्या आणि बाजूच्या रस्त्याला एक-एक फूट उंचीच्या पाच पाट्या, त्यावर लोखंडी जाळी. कोपऱ्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर फक्त तीन पाट्या, त्यावर बुटकी जाळी. सरकते फाटक. आपल्या साइट इंजिनिअरने प्रत्येक पानावर सही केली आणि कंपनीचा शिक्का मारला. त्यानंतर मी मुलीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेले. परत आले तेव्हा सगळीकडे सात पाट्या उभ्या होत्या, जाळी कुठेच नव्हती, आणि कडेचे मेंदीचे कुंपण मुळासकट उपटून रस्त्यावर टाकलेले होते. मेंदी राहील, खांब तिच्या आतून येतील, असे स्केचवर शब्दांत लिहिलेले आहे.

सात पाट्या का, तर लॉटमध्ये सात फुटांच्या भिंतीचेच खांब आले होते, असे सुपरवायझर म्हणाला. खांबाच्या खाचेत सात पाट्या बसतात म्हणून सात पाट्या भरल्या. ग्राहकाची सही असलेला कागद त्या वेळी कुणाच्या खिशात होता?

नियम आपल्याला ठाऊक असायलाच हवा. आपण हेच विकता. महाराष्ट्राची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० साली लागू झाली. तिच्यात कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून जास्तीत जास्त १.५ मीटर आहे. २.४ मीटरपर्यंत जाता येते, पण वरचे ०.९ मीटर जाळीचे, आरपार दिसणारे हवे. कॉर्नरच्या प्लॉटला दोन्ही रस्त्यांच्या बाजूने छेदापासून १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच्या वर नेता येत नाही, उरलेले ०.७५ मीटर हवे असल्यास जाळीने भरायचे. म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत जाळीने उंची घ्यायला नियमाची आडकाठी नाही. मला सुरक्षिततेसाठी उंची हवी होती, ती मी जाळीने घेतली होती. आपल्या माणसांनी जाळी काढून पाट्या घातल्या आणि कायदेशीर भिंतीची बेकायदेशीर भिंत केली.

आपल्या विक्री प्रतिनिधीचे म्हणणे होते की नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटला मनपाचा नियम लागत नाही. तो नियम एका मनपाचा नाही. मुंबई महापालिका, एमआयडीसी असे मोजके अपवाद सोडले तर ही नियमावली राज्यभर आहे, नासुप्रच्या हद्दीतही. दुसरे एक साहेब म्हणाले, रस्ता वर आला त्यामुळे भिंतीची उंची आपोआप कमी झाली, आता ती बसते. बसत नाही. सात फुटांतून रस्त्याचा एक फूट वजा केला तरी सहा फूट राहतात, म्हणजे १.८३ मीटर भरीव भिंत. समोरच्या बाजूलाच ती एक फुटाहून जास्त उंच आहे. कोपऱ्यावर तर परवानगीच्या दुपटीहून अधिक. हे गणित पाचवीतले मूल करते.

कोपऱ्याचा नियम कशासाठी आहे, ते या भिंतीने आमच्या गल्लीला दाखवले. आमच्याकडून सकाळी स्कूल व्हॅन जातात, ई-रिक्षा जातात, पोरे सायकलीवर शाळेत जातात. सायकलवरच्या मुलाचे डोके सहा फुटांच्या भिंतीवरून कुणाला दिसणार? पलीकडच्या घरातला नातू वळणावर व्हॅनसमोर आला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मुलगा पडला, गुडघे फुटले, इतक्यावर निभावले. त्याच्या आजीने मला दारात उभे राहून विचारले, "ताई, तुम्ही तर नकाशे काढायच्या ना?" त्या वाक्यानंतर मला झोप लागली नाही. त्याच घरातून झोन कार्यालयात तक्रार गेली आणि ती अगदी योग्य होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली बेकायदा बांधकाम काढण्याची नोटीस आली ती माझ्या नावाने. आपल्या कंपनीचे नाव तिच्यात कुठेही नाही.

फाटकाचेही तेच. रस्ता वर गेल्यामुळे आत उतार आहे. हे ओळखूनच मी सरकते फाटक लिहिले होते. आपल्या मिस्त्रीने पल्ल्याचे फाटक लावले आणि ते रस्त्यावर उघडेल असे बिजागर फिरवले. फाटक पूर्णपणे आपल्या हद्दीतच उघडले पाहिजे, हेही त्याच नियमावलीत आहे. आता माझे फाटक उघडले की जाणारा माणूस थांबतो.

आता आपल्या विभागीय व्यवस्थापकांच्या फोनबद्दल, कारण खरे म्हणजे त्या फोनमुळे हे पत्र लिहिते आहे. नोटीस आल्यावर मी आपल्या विभागीय व्यवस्थापकांना बोलावणे पाठवले. ते आले नाहीत, फोन आला. मी स्केचचा क्रमांक सांगितला, पान सांगितले, मापे वाचून दाखवायला लागले. मध्येच ते म्हणाले, "मॅडम, घरी साहेब असतील ना? त्यांना फोन द्या, हे टेक्निकल आहे."

मी म्हटले, साहेब नाहीत, करार माझ्याशी आहे.

"मग मुलगा?"

मी म्हटले, मुलगी आहे, पण तिचा या भिंतीशी संबंध नाही. घर माझ्या नावावर आहे, चेक माझा आहे, स्केच मी काढले आहे.

"कसं आहे मॅडम, हे मीटर-सेंटिमीटर ऑफिसातल्या लोकांचं असते. फिल्डवर सगळीकडे असंच चालून राहिलं. बुटीबोरीला अख्ख्या कारखान्याला हीच भिंत मारून दिली आम्ही, कोणी हरकत नाही घेतली."

मी सांगितले की बुटीबोरी एमआयडीसी आहे, तिची नियमावली वेगळी. मनपाच्या हद्दीतही कारखाना, दवाखाना, शाळा, विजेचे उपकेंद्र यांना २.४ मीटरपर्यंत भिंत मिळू शकते, राहत्या घराला तशी भरीव भिंत मिळत नाही, आणि कॉर्नरच्या घराला तर मुळीच नाही. ते ऐकत नव्हते. ते माझे बोलणे संपायची वाट बघत होते. मग म्हणाले, "शेजाऱ्यांना समजवा. अन् झोनच्या साहेबांना एकदा भेटून घ्या. होऊन जाते."

मी विचारले, भेटून घ्या म्हणजे काय?

"तुम्ही समजून घ्या ना मॅडम."

मी स्पष्ट विचारले, तुम्ही मला लाच द्यायला सांगता का?

तर म्हणाले, "मी असं कुठं म्हटलं? म्हणूनच म्हणत होतो, जेन्ट्सना फोन द्या."

महोदय, हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. ज्या बाईने आपल्या कंपनीला माप काढून दिले, तिला माप कळत नाही असे आपला अधिकारी म्हणतो. आणि माप चुकले ते आपल्याकडून, तर ते मिटवायला तिने पैसे चारावेत असे सुचवतो. सरकारी नोकरीत मी कुणाचा चहाही बिलाशिवाय घेतला नाही. आपल्या चुकीसाठी आता निवृत्तीनंतर मी टेबलाखालून पाकीट सरकवावे? त्या अधिकाऱ्याची लेखी माफी मला हवी आहे, आणि ती त्याच्या वरिष्ठाच्या सहीने हवी आहे. असले वाक्य एकट्या माणसाच्या तोंडून सहज येत नाही, त्याला असे बोलायची सवय आहे, आणि ती सवय आपल्या कार्यालयात चालते.

भिंतीच्या पायाबद्दलही लिहायलाच हवे. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. तिच्यात खांब उभा करायचा तर मुरूम लागेपर्यंत गड्डा हवा आणि गड्ड्यात गिट्टी-रेतीचे काँक्रीट हवे. आपल्याच माहितीपत्रकात तसे छापले आहे. पावसानंतर दोन खांब रस्त्याकडे कलले तेव्हा मी एकाच्या बुडाशी खणायला लावले. गड्डा जेमतेम दीड फूट, आणि आत तीच उकरलेली काळी माती परत लोटलेली. सिमेंटचा थर वरून दिसण्यापुरता. सगळ्यात खालच्या पाट्यांना पाणी जायला एकही भोक ठेवलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, ते या शहराने पाहिले आहे. पाणी अडवणारी भिंत पाण्यासह कोसळते. कललेल्या त्या खांबांखालून मुले शाळेत जातात.

आणि आता बिल. न मागितलेल्या पाट्यांचे बिल. कोपऱ्यावरच्या चार-चार आणि बाकीच्या दोन-दोन पाट्या आपण स्वतःहून चढवल्या आणि त्याला "जादा काम" म्हणून रक्कम लावली. जाळीचे पैसे मी आगाऊ भरले होते, जाळी लावली नाही, ते पैसे परत नाहीत. मी मागितले ते दिले नाही, मागितले नाही ते दिले, आणि त्यासाठी वर पैसे मागता. हे बिल मी भरणार नाही. लेखा विभागाला एवढे एकदा कळवा, म्हणजे मला रोज मेसेज येणे थांबेल.

मला राग आहे त्याहून जास्त वाईट वाटते आहे. खात्यात असताना आपल्या कारखान्यातले सिमेंटचे पाईप आम्ही ग्रामीण रस्त्यांच्या मोऱ्यांना वापरलेले आहेत. जाडी मोजली तर बरोबर भरायची, वाकडा नग कधी आला तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळायचा. त्या विश्वासावर मी दुसऱ्या कंपन्यांचे दर पाहिलेसुद्धा नाहीत. आमच्याच लेआउटमधल्या दोन घरांना मी आपले नाव सुचवले. त्या दोघांना आता मी काय सांगायचे, ते आपणच सांगा.

मागणी सरळ आहे. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंच्या वरच्या पाट्या आधी उतरवा, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. तो भाग या आठवड्यात झाला पाहिजे. बाकीची भिंत स्केचप्रमाणे करा, खांब मुरमापर्यंत नेऊन काँक्रीटमध्ये बसवा, जाळी लावा, पाण्याची भोके ठेवा, फाटक बदला. मेंदी पुन्हा लावून ती जगेपर्यंतचा खर्च द्या. नोटिशीला उत्तर मी देईन, पण काम मान्य स्केच सोडून झाले असे कंपनीचे पत्र त्याला जोडायला हवे. जादा बिल रद्द झाल्याचे लेखी हवे. दंड किंवा पाडकामाचा खर्च माझ्यावर आला तर तो आपण भरायचा.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून थांबणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो, त्यामुळे मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही, आपल्याला नागपूरला यावे लागेल. मुदत दोन वर्षांची आहे आणि माझ्याकडे वेळ आहे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा, दोन्ही मुद्दे लावीन. सही-शिक्क्याचे स्केच, वर्क ऑर्डर, नोटीस, उघड्या गड्ड्याचे फोटो आणि जादा बिल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत, ते आयोगासमोरच बाहेर येतील.

यापुढे मला फोन करू नका. उत्तर लेखी द्या, माझ्या नावाने, नोंदणीकृत टपालाने. आणि साइटवर ज्याला पाठवाल त्याच्या हातात ते स्केच असू द्या.

तक्रारदार ग्राहक,
नागपूर