शेजारच्या सीटवर बसणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण मला ते चारचौघांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ट्रॅक-डे म्हणजे आपलीच गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने चालवायचा दिवस. त्याचे फोटो पाहणाऱ्याला गाड्या दिसतात, वळणावर कललेली बॉडी दिसते, हेल्मेट घातलेला ड्रायव्हर दिसतो. शेजारच्या सीटवर आणखी एक हेल्मेट असतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या सीटवरचं माणूस काय देऊन जातं, हे पहिल्यांदा गाडी घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही काय दिलंत ते आधी सांगते, कारण तुम्ही स्वतः ते कधीच सांगणार नाही. तुम्हीही आमच्यासारख्याच हौशी. नोकरी सांभाळून, गाडीवर जीव लावून, दोन दिवस मोकळ्या ट्रॅकवर मनसोक्त चालवायला मिळावी म्हणून आलेल्या. अनुभव पाहून गट पाडले होते, नवखे, मधले आणि सराईत, आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला तासातली वीसेक मिनिटं येत होती. उरलेल्या वेळात सराईत मंडळी टायरची हवा तपासतात, ब्रेक निवू देतात, सावलीत बसून दोन घोट पाणी पितात. तुमचा तो सगळा मोकळा वेळ माझ्या गाडीत, शेजारी बसून मला शिकवण्यात गेला. आणि रविवारी सकाळी, माझे ब्रेक तपासून व्हायचे होते तेव्हा, तुमच्याच गटाला बोलावणं आलं आणि तुम्ही गेला नाहीत. हवा गार, ट्रॅक कोरडा, ऊन अजून चढायचं होतं. गार हवा दाट असते, इंजिन अशा हवेत जास्त जोर धरतं. दोन दिवसांतलं सगळ्यांत चांगलं सेशन तेच होतं, असं नंतर जो तो म्हणत होता. तुमची गाडी तेव्हा पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, कव्हरखाली उभी होती आणि तुम्ही माझ्या चाकापाशी उकिडव्या बसला होतात.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तुमच्या पायाशी नुसतं कार्पेट होतं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरची २४ तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ जिंकणाऱ्या साबिने श्मित्झ पुढे कित्येक वर्षं त्याच ट्रॅकवर प्रवाशांना शेजारी बसवून फिरवत. त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला निदान एवढी खात्री होती की स्टिअरिंग जाणत्या हातांत आहे. तुमच्या बाबतीत सगळं उलटं. जाणतं माणूस शेजारी, आणि स्टिअरिंगवर मी, जिला पहिलं वळण डावीकडे की उजवीकडे हेही नकाशात पाहून आठवावं लागत होतं. ताशी १०० किलोमीटरवरून १४० वर गेलं की वेग दीडपटही होत नाही, पण गाडीच्या अंगातली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. हे तुम्ही मला समजावून सांगितलंत, म्हणजे तुम्हाला ते पुरतं माहीत होतं. तरी तुम्ही बसलात, आणि आवाज एकदाही चढवला नाहीत.

शनिवारी सकाळी तुम्ही मला लगेच गाडी सुरू करू दिली नाहीत. आधी सीट. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. मग गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर: बाटली, चार्जर, छत्री, पायाखालची मॅटसुद्धा, कारण ती सरकून पॅडलखाली अडकू शकते. मग चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आणि टायरची हवा गार असतानाच मोजून वहीत. टायर तापले की आतली हवा तापते आणि प्रेशर चढतं, म्हणून प्रत्येक सेशननंतर पुन्हा मोजायचं आणि जास्तीची हवा सोडायची. मला तोवर वाटायचं की ट्रॅकवरचा दिवस पहिल्या वळणापाशी सुरू होतो.

लॅप टायमर, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची वेळ मोजणारं घड्याळ, लावायला तुम्ही मनाई केलीत. अशा हौशी ट्रॅक-डेला शर्यत नसते, वेळ लावत नाहीत, हे नियमातही होतं. पण तुमचं कारण वेगळं होतं: "आकडा दिसला की माणूस आकडा चालवतं, रस्ता नाही." मी ते पटवून घेतलं आणि अजूनही मला ते पटतं.

आता डोळ्यांविषयी, कारण मला मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट ती. तुम्ही दर लॅपला एकच प्रश्न विचारत राहिलात: "कुठे बघतेयस?" मला तोंडाने बोलायला लावलंत. ब्रेक कुठे लावायचा ते दाखवणारा बोर्ड. आत वळायची जागा. एपेक्स, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यांत जवळ येते ती जागा. बाहेर पडायची कडा. एका जागी पोचायच्या आधी नजर पुढच्या जागी गेलेली हवी. सायकल शिकताना खड्ड्याकडे बघितलं की चाक नेमकं खड्ड्यातच जातं, ते ट्रॅकवरही तसंच होतं, फक्त वेळ फार थोडा मिळतो. पहिल्या सेशनला मला बॉनेटच्या पुढचा डांबराचा पट्टा तेवढा दिसत होता आणि सगळं अंगावर येत होतं. दुपारपर्यंत तोच ट्रॅक, वेग आधीपेक्षा जास्त, आणि मला घाई वाटत नव्हती. हे कसं झालं ते मी अजून पुरतं सांगू शकणार नाही, पण ते तुमच्या त्या एका प्रश्नाने झालं.

उशिराचा एपेक्स मला तुम्ही कागदावर काढून दाखवलात. लवकर आत वळलं की गाडी वळणाच्या आतल्या कडेला लवकर पोचते, आणि मग बाहेर पडताना रस्ता संपत येतो, तेव्हाच नेमकं स्टिअरिंग जास्त पिळावं लागतं. थोडं थांबून, उशिरा वळलं की स्टिअरिंग लवकर सरळ होतं आणि अ‍ॅक्सिलरेटर लवकर देता येतो. पुढच्या सरळ रस्त्याचा सगळा वेग तिथेच कमावला जातो. आणि त्यामागचं मूळ कारण म्हणजे टायर. एकेक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतो, आणि त्याच्यापाशी पकड ठरावीक असते. ती ब्रेकला द्या, वळायला द्या किंवा दोघांत वाटा, पण दोघांनाही पूर्ण मागितली तर टायर सुटतो. म्हणून वळताना ब्रेकवरचा पाय एकदम उचलायचा नाही, स्टिअरिंग जसं वाढेल तसा हळूहळू सैल करायचा. तुम्ही हाताने माझ्या डॅशबोर्डवर तो दाब दाखवत होतात, घट्ट, मग थोडा कमी, मग आणखी कमी, आणि माझा पाय तुमच्या हाताचं ऐकायला लागला.

शनिवारच्या शेवटच्या सेशनला ब्रेकचं पॅडल लांब जायला लागलं. मी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, "मऊ लागतंय?" गाडीचं नाक खाली बसायला उशीर होतोय, त्यावरून तुम्ही ओळखलं होतंत. एक लॅप सावकाश, ब्रेक शक्यतो न लावता, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबायच्या जागेत. हँडब्रेकही ओढू दिला नाहीत, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड घट्ट दाबून ठेवायचे नसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावलीत.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हे मी ऐकून होते, पण आकडे तुमच्याकडून कळले. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच अपेक्षा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पॅडल खाली जात राहतं. रस्त्यावर या तापमानाच्या जवळपासही गाडी सहसा जात नाही. ट्रॅकवर दर वळणाआधी तीच उष्णता, पुन्हा पुन्हा.

बाकीचे लोक जेवायला गेले आणि तुम्ही तुमच्या पेटीतून शर्यतीसाठीच्या ऑइलची सीलबंद बाटली काढलीत. ती तुम्ही स्वतःच्या गाडीसाठी आणलेली होती, हे मला दुसऱ्याच कुणीतरी नंतर सांगितलं. मी आत बसून पॅडल दाबत होते, तुम्ही चाकाशी ऑइल बाहेर काढायचं निप्पल सोडत होतात. "दाब. धर. धर. सोड." सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून एकेक चाक, जुनं काळपट ऑइल निघून स्वच्छ येईपर्यंत. अंधार पडला तेव्हा मी टॉर्च धरला.

तेव्हाच तुम्ही मला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टची गोष्ट सांगितलीत. १९६६, बेल्जियन ग्रां प्रीची शर्यत, स्पाचा ट्रॅक. पहिल्याच लॅपला मुसळधार पाऊस, त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली, टाकी फुटली, आणि तो स्टिअरिंगमागे अडकून पेट्रोलमध्ये भिजत पडला. त्याला बाहेर काढलं ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघा ड्रायव्हरांनी. त्याच पावसात त्यांच्याही गाड्या घसरल्या होत्या. स्टिअरिंग सोडवायला पाना नव्हता, तो एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. तो सुटेपर्यंत पंचवीसेक मिनिटं गेली. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत एक पाना चिकटवून ठेवायचा, आणि पुढची कित्येक वर्षं तो सुरक्षेसाठी भांडत राहिला, ट्रॅकच्या मालकांशी आणि कधी कधी आपल्याच सहकाऱ्यांशी. आज आपल्याला दारात उभी दिसते ती रुग्णवाहिका आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगावरचा पट्टा यांच्यामागे असं भांडणं आहे. तुम्ही हे सांगत होतात आणि तुमच्या हातात पाना होता. तुम्हाला ते जाणवलं की नाही माहीत नाही, मला मात्र जाणवलं.

ट्रॅकच्या कडेला चौकीवर झेंडे घेऊन उभ्या असणाऱ्या मार्शलांची ओळखही तुम्हीच करून दिलीत. झेंडे सुरुवातीच्या सूचनांच्या बैठकीत, ब्रीफिंगमध्ये, सांगतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग कमी करून पिटमध्ये, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, काळा म्हणजे तुम्हालाच आत बोलावलंय. पण प्रत्येक लॅपला मार्शलच्या चौकीकडे एकदा बघायचंच, ही सवय ब्रीफिंगने लागत नाही. तुम्ही चौकी आली की "झेंडा?" विचारायचात आणि मी "काही नाही" म्हणायचे. शेवटच्या सावकाश लॅपला काच खाली करून प्रत्येक चौकीला हात करायला लावलात. दिवसभर उन्हात उभी असलेली ती माणसं परत हात करत होती. त्यातली बरीच आपल्यासारखीच, आवडीने येऊन उभी राहिलेली.

रविवारचं बाकीचं थोडक्यात. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर आणि पुढच्याने हाताने बाजू दाखवली तरच. जो वाट देतो त्याने आपली लाईन सोडायची नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल करायचा. माझ्यापेक्षा कितीतरी जोरकस गाड्या मागून येत होत्या आणि वाट देताना मला आधी कमीपणा वाटायचा. तुम्ही म्हणालात, "छान वाट दिलीस," जणू मी एखादं अवघड वळण घेतलं होतं. तेव्हापासून तो कमीपणा गेला.

मग दुपारी पिटमध्ये तुम्ही बेल्ट सोडलात, दार उघडलंत आणि म्हणालात, "आता एकटी जा. मी भिंतीपाशी आहे." रिकाम्या सीटचा बेल्ट पुन्हा लावून ठेवलात, तो लोंबकळू नये म्हणून. त्या सेशनमध्ये मी तोंडाने बोलतच होते. ब्रेक. वळ. एपेक्स. झेंडा नाही. माझा आवाज हेल्मेटमध्ये घुमत होता आणि गाडी माझं ऐकत होती. ताई, इतका निखळ आनंद मला गाडीने कधी दिला नव्हता. गाडी तीच होती, टायर तेच होते.

पुढच्या वेळचं सांगते. आयोजकांना मी लिहिलं आहे की रविवारचं सकाळचं सेशन तुम्हाला मोकळं मिळू दे, त्या वेळेला नवखं कुणी तुमच्याकडे देऊ नका. त्यांनी होकार कळवला आहे. शनिवारी अर्धा दिवस मी मार्शलांच्या हाताखाली चौकीवर काम करणार आहे, त्याचं प्रशिक्षण ते देणार आहेत. तुमच्यासाठी ब्रेक ऑइलच्या सीलबंद बाटल्या घेऊन ठेवल्या आहेत, एक परतफेडीची आणि एक तुमच्या पेटीत नेहमीसाठी. सकाळी मी तुमच्या गाडीपाशी आधी पोचेन, हवा मोजेन, नट तपासेन, काचा पुसेन. तुम्ही फक्त हेल्मेट घालून बसायचं आणि हिरवा दिवा लागला की निघायचं.

तुमची कृतज्ञ,
शनिवारी ब्रेकचं पॅडल दाबून धरणारी