आधी खोली गार कर, मग रोपं आण

दि. १२ मार्च

चि. अर्चना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकरभर रास्पबेरी-ब्लॅकबेरी लावायचा तुझा अहवाल मिळाला. ३६ पानं दादाने वाईहून छापून आणली आणि मी ती तीन दुपारी बसून वाचली. स्ट्रॉबेरीचा तोडा चालू असताना दुपारी बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तरी वाचली. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आबा मध्येच येऊन "करू दे की तिला" म्हणून जातात. म्हणून पत्र.

पहिलं सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तोंड वाकडं करणार नाहीस. मी नाही म्हणत नाही. विहिरीकडचं १० गुंठे रान तुला देते. एकर मात्र नाही. आणि ब्लॅकबेरी बांधाकडेच्या एका ओळीपुरतीच. का, ते आता निवांत सांगते.

तुझ्या अहवालात जाती आहेत, टनेल, म्हणजे वाफ्यांवरचं प्लॅस्टिकच्या कापडाचं छप्पर आहे, ठिबक आहे, कर्जाचा हप्तासुद्धा आहे. 'हार्वेस्टिंग' मात्र एका ओळीत आटपलंय, पुढे रुपये. ती ओळ वाचून मला हसूच आलं. अगं, स्ट्रॉबेरीत माती, रोप, फवारणी हे सगळं मिळून एक बाजू आणि तोडणी एक बाजू. रास्पबेरीत तर तोडणी हेच पीक.

आज सकाळी मी परसातल्या जुन्या रास्पबेरीला घड्याळ लावून उभी राहिले. साडेसहा ते साडेसात. अडीच किलो निघाली. काकी म्हणाली, वहिनी, परीक्षा आहे का? म्हटलं, लेकीची आहे. आता तूच हिशोब कर. तू एकरी ३ टन धरलेस. धरूया. हंगाम ९० दिवसांचा, दिवसाआड तोडा, म्हणजे ४५ तोडे. एका तोड्याला ६७ किलो झाले. ऊन चढायच्या आत तोडणी संपायला हवी, म्हणजे बाईला जेमतेम तीन तास, साडेसात किलो. ९ बाया लागल्या, दर दिवसाआड, सकाळी साडेसहाला हजर. आणि त्याच सकाळी त्याच बाया अख्ख्या पंचक्रोशीला स्ट्रॉबेरीसाठी हव्या असतात. त्या तुझ्याकडे का येतील? स्ट्रॉबेरीत एका तासात क्रेट भरलेला दिसतो. रास्पबेरीत तासभर वाकून, काटे खाऊन, हातात अडीचच किलो दिसतात. तुझी नवी जात मोठ्या फळाची असेल, एका तासात चार किलोही निघतील, मान्य. पण शिकलेल्या हाताने निघतील, नव्या हाताने नाही.

कारण रास्पबेरी ओढायची नसते. अंगठा आणि दोन बोटं. दाबायचं नाही, नुसतं धरून जरा फिरवायचं. तयार असेल तर टोपी काढावी तशी निघून येते आणि पांढरी बोंडी झाडालाच राहते. नाही आली तर सोडून द्यायची, परवा येईल. लालचुटुक दिसते ती अजून कच्ची. रंग जरा गडद होऊन चमक उतरली की समजायचं. आणि ती आतून पोकळ, त्यामुळे तळहातात तीन-चारच्या वर घेतल्या की खालची बसलीच. हातातून थेट डबीत, डबीतून परत कुठे ओतायची नाही, निवडायची नाही, धुवायची तर अजिबात नाही. ज्या बाईने वीस वर्षं स्ट्रॉबेरी देठ धरून खुडली आहे, तिला हे शिकवायला एक हंगाम जातो. शेवंताबाईंना मी दोन वर्षं सांगतेय, अजून डबी हलवून सपाट करतात.

दुसरी गोष्ट छाटणीची. गेल्या साली नवा गडी होता. आबांनी "रास्पबेरी छाटून घे" म्हटलं आणि ते चहाला गेले. परत येईपर्यंत त्याने निम्मा वाफा जमिनीसरसा केला होता, अगदी नीट, झाडून वगैरे. यंदा निम्म्या वाफ्यात फळ नाही, ते त्यामुळे. आपली जुनी जात पहिल्या वर्षी नुसती काडी वाढवते, दुसऱ्या वर्षी त्या काडीवर फळते आणि मग ती काडी वाळते. वाळकी काढायची, हिरवी ठेवायची. मूळ मात्र वर्षानुवर्षं जिवंत. तू म्हणतेस ती हेरिटेज, न्यूयॉर्ककडच्या जिनिव्हा केंद्राने १९६९ मध्ये काढलेली, ती पहिल्याच वर्षीच्या काडीला शेंड्याकडे फळते, त्यामुळे सगळं छाटलं तरी बिघडत नाही. हे मला पटलं. अशीच जात घे. गड्यांच्या हाती विळा देऊन निदान चहा तरी सुखाने पिता येईल.

आणि थंडीसाठीही अशीच जात हवी. दुसऱ्या वर्षी फळणाऱ्या बहुतेक जातींना ७ अंशांखालची थंडी ८०० तास आणि त्याच्याही वर लागते, हे तूच लिहिलं आहेस. आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दवबिंदू गोठतात. गोठतात ना. दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो, पर्यटक गाड्या घेऊन पहाटे धावतात. पण तो तलावाकाठचा आणि लिंगमळ्याचा खोलगट भाग, तोही थोड्या पहाटा. आपल्या उतारावर तसं काही होत नाही. मी रोज पाचला उठून चूल पेटवते, मला विचार.

ब्लॅकबेरीचं तेच. तू दोन वर्षांपूर्वी आणलेली तीन बिनकाट्याची रोपं आठवतात? मांडवावर चढली, एवढाली पानं. डिसेंबरातही पानं गाळली नाहीत, झोपलीच नाहीत बिचारी. एप्रिलात ओंजळभर फळ दिलं. ते मी तुझ्या सांगण्याप्रमाणे, काळं होऊन चमक जाईपर्यंत थांबून तोडलं. हिची बोंडी फळाबरोबरच येते, म्हणून ही रास्पबेरीपेक्षा टणक. पण तोडली दुपारी बाराला आणि तशीच गरम फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बघते तर काळ्या फळात मधले मधले दाणे लाल! मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. आता तुझ्या २२व्या पानावर वाचलं की उन्हात तापलेलं फळ एकदम गार केलं की असं होतं. चवीला तसंच लागतं, पण डबीत असं फळ दिसलं तर गिऱ्हाईक म्हणणार, कच्चं घातलंय.

आता तुझं मेक्सिको. हे पान मी दोनदा वाचलं, कारण ते मला आवडलं. मिचोआकान राज्यातलं लोस रेयेस, उंची आपल्यासारखीच, तेराशे मीटरच्या आसपास. तिथे थंडी पुरत नाही म्हणून ब्लॅकबेरी छाटून, फवारा मारून पानं गाळतात, झाडाला फसवतात की हिवाळा येऊन गेला. जात तुपी, ब्राझीलची. आणि तिथून अमेरिकेला हिवाळाभर फळ जातं. हुशार लोक आहेत. पण अर्चना, तू उंची जुळवलीस आणि पाऊस जुळवायचा राहिला. आपल्याकडे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. त्यांच्याकडे त्याच्या पासंगालाही पडत नसेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण भिंतींना गवताच्या झडी बांधून बसतो, चपला बुरसतात, तिथे रास्पबेरीची मुळं काय करतील? लाल माती निचऱ्याची आहे खरी, पण चार महिने सतत ओली राहिली की मूळकुज येतेच. परसातली जुनी टिकली आहे ती उतारावर, दगडी तालींच्या, म्हणजे बांधांच्या, कडेला आहे म्हणून. तालीच्या पोटातली तीन झाडं दोन पावसाळ्यांत गेली. म्हणून विहिरीकडचं रान म्हटलं. तिथे उतार आहे. गादीवाफे दीड फुटाचे कर, तू लिहिलेत तसे एक फुटाचे नकोत. कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालायचा असेल तर तेही चालेल, पण मग कुंडीखाली पाणी साचणार नाही हे आधी बघ.

टनेलचं कापड मेअखेर उतरवून ठेवावं लागतं आणि दसऱ्याच्या सुमाराला परत चढवावं लागतं, याची मजुरी अहवालात नाही. नाही उतरवलं तर पहिल्याच वादळात ते शेजारच्या रानात सापडतं. कुणाच्या रानात सापडलं होतं ते तुला माहीत आहे, आणि अजून ते आपल्याशी नीट बोलत नाहीत.

आता मुख्य. तू दहावीला होतीस, तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलने ४० डब्या मागितल्या होत्या. आठवतं का नाही, तुझी परीक्षा चालू होती. मी आणि काकीने पहाटेपासून तोडल्या, एकेक फळ बघून. आबा जीप घेऊन साडेनऊला निघाले. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली होती, पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग. तीन तास जीप जागेवर. पुण्याला पोचेपर्यंत चार वाजले. डबीचं झाकण उघडलं तर तळाला बोटभर रस आणि वरती फळं एकमेकांवर बसलेली. हॉटेलवाल्याने एकही घेतली नाही आणि मी त्याला दोष देत नाही, मी पण घेतल्या नसत्या. आबा सगळ्या परत घेऊन आले. सकाळपर्यंत त्यावर राखाडी लव आली होती, मांजराच्या अंगासारखी. तुझ्या आजीने त्यातल्या बऱ्या निवडून साखरेत शिजवल्या. तू त्याच पोळीशी खाऊन भूगोलाच्या पेपरला गेलीस.

त्या दिवशी फळ तोडताना चुकलं नव्हतं. तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत चुकलं. तेव्हाच ते शून्य अंशाजवळ गार झालं असतं आणि गार पेटीतून गेलं असतं, तर घाटात तीन तास थांबूनही काही बिघडलं नसतं. पण आपल्याकडे तेव्हा पाण्याचा माठ होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुझ्या यादीत सगळ्यात शेवटी, ३१व्या पानावर, "पुढील टप्पा: शीतगृह" असं लिहिलंय ना, ते उचलून पहिल्या पानावर ठेव. टनेल नको आधी. गोठ्याशेजारची दगडी खोली रिकामी आहे. तिला आतून थर्माकोल मारून गार करायची काय किंमत पडते ते काढ. शेजारी दोन मोठे डीप फ्रीझर. आणि सगळं ताजंच विकायचं हा हट्ट सोड. तूच सर्बियाचं लिहिलंयस, आरिल्येच्या भागात घरोघरी लहान लहान तुकड्यांत रास्पबेरी, विलामेट जातीची, घरचीच माणसं तोडतात, आणि बहुतेक माल गोठवून परदेशी जातो. हे वाचून मला वाटलं, ही तर आपल्यासारखीच माणसं दिसतात. गोठवलेलं फळ घाटात अडकलं तरी चालतं. पुण्यातले केकवाले, आइस्क्रीमवाले यांना ते वर्षभर लागतं. पहिल्या वर्षी निम्मा माल तसा घाल, चांगलंचुंगलं डबीतून इथेच रस्त्यावर विक, आणि उरलं ते क्रशवाल्यांना, जसं आतापर्यंत जातं. भाव कमी मिळेल. पण शून्य नाही मिळणार.

१० गुंठ्यांना तोड्याला १७ किलो, म्हणजे मी, काकी आणि एक बाई. तेवढं आमच्याच्याने होतं. दोन वर्षांत हात बसले, खोली चालली, तर एकर कुठे पळून जात नाही. सातबाऱ्यावर तुझं नाव दादाइतकंच आहे, हे मी त्यालाही परवा स्पष्ट सांगितलं. तो गप्प बसला, पण रात्री उठून तुझा अहवाल वाचत होता. ठिबकच्या पानावर पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

रोपांचं तेवढं जपून. परदेशातून काडी आणायची तर क्वारंटाइनची परवानगी आधी. कुणी बॅगेतून आणून देतो म्हणाला तर नको म्हण. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, पावती मिळेल अशीच घे. रस्त्यावर पर्यटक तुतीला ब्लॅकबेरी म्हणून घेतात आणि आपलीच पोरं त्यांना तसं विकतात. रोपवाटिकेत कुणी तुला असं फसवू नये.

शनिवारी ये. शुक्रवारी रात्री आलीस तर बरं, म्हणजे साडेसहाला वाफ्यात उभी राहशील. तोडणी तू स्वतः तासभर कर, मी घड्याळ लावते. येताना पुण्याहून १२५ ग्रॅमच्या डब्या आण, उथळ, तळाला आणि झाकणाला भोकं असलेल्या. इथे मिळतात त्या स्ट्रॉबेरीच्या, खोल. आणि एक थर्मामीटर आण, तापाचा नव्हे, खोलीत टांगायचा.

आबांच्या गुडघ्याचं तेल संपलंय, तेही.

तुझी,
आई