मिनिट्समध्ये न आलेला प्रश्न

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, प्रमोशनला बाईच हवी असं वरून आलंय. मग मेरिट गेलं कुठे?" मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. मी तावातावाने बोलले असते आणि तू नुसतं "हो गं" केलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

सव्वीस वर्षं मी कंपनी सेक्रेटरी होते, म्हणजे संचालकांच्या बोर्डाच्या टेबलाच्या कोपऱ्याला बसून मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, लिहिणारी. बरीच वर्षं त्या खोलीत बायका दोनच, मी आणि भिंतीवरच्या फोटोतल्या, आमच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या आजी.

मग 2013 चा कंपनी कायदा आला, कलम 149. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या बोर्डावर निदान एक तरी बाई हवीच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने आधी 1 ऑक्टोबर 2014 ची तारीख दिली, मग ती 1 एप्रिल 2015 वर ढकलली. तरी मार्च संपत आला आणि आमची खुर्ची रिकामीच. शेवटच्या आठवड्यात साहेब म्हणाले, "आमच्या हिचंच नाव टाका." मी डीआयएन, म्हणजे संचालकाचा सरकारी नंबर, काढला, डिजिटल सही करून घेतली आणि संमतीचा फॉर्म घेऊन बंगल्यावर गेले. वहिनी गवार निवडत बसल्या होत्या. हात पुसून सही केली आणि विचारलं, "मला काय करायचं असतं?" मी म्हटलं, "काही नाही वहिनी, वर्षातून चारदा यायचं." हे मी म्हटलं, बरं का. साहेबांनी नव्हे.

कायद्याला ते चालत होतं, कारण ती बाई 'स्वतंत्र', म्हणजे मालकांशी नातं नसलेली, संचालक हवी असं त्यात नव्हतंच. किती तरी कंपन्यांत प्रवर्तकांच्या, म्हणजे मालकांच्या, बायका-मुली अशाच संचालक झाल्या. ते भोक सेबीने पुढे बुजवलं. बाजारमूल्याने पहिल्या 500 लिस्टेड कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 ना 2020 पासून स्वतंत्र महिला संचालक सक्तीची झाली. आमची कंपनी त्या हजारात बसत नव्हती. वहिनीच राहिल्या.

दोन मीटिंगा त्या गप्प होत्या. तिसरीला पर्समधून अजेंड्याचे कागद निघाले, पेन्सिलीने खुणा केलेले. येणेबाकीच्या यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा डीलर तीन तिमाह्या पैसे देत नाहीये. मग त्याला माल का जातोय?" कोणी बोलेना. फायनान्सवाल्यांना एकदम आपला बिनसाखरेचा चहा ढवळावासा वाटला. तो डीलर साहेबांचा शाळासोबती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑडिट कमिटीतल्या दोन सीएंच्या नजरेखालून ती यादी तीनदा गेली होती.

मी मिनिट्समध्ये लिहिलं, "येणे रकमांबाबत सविस्तर चर्चा झाली." एवढंच. पुढच्या मीटिंगला ते मिनिट्स मंजुरीला आले तेव्हा वहिनींनी ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. वर्षभरात ती रक्कम बुडीत खाती टाकावी लागली.

आता तुझं मेरिट. त्या टेबलाभोवती साहेबांचे धाकटे भाऊ होते, वडिलांच्या वेळचे वकील होते, क्लबात ब्रिज खेळणारे एक गृहस्थ होते. ते कशावर आले हे कोणी कधी विचारलं नाही. कोट्यातल्या तेवढ्या वहिनी. मीही घरी येऊन बाबांना हसत सांगितलं होतं, "साहेबांनी शोपीस आणलंय."

पुण्यातच थरमॅक्स या इंजिनिअरिंग कंपनीच्या अनु आगा 1996 मध्ये नवरा गेल्यावर अध्यक्ष झाल्या. त्याआधी तिथलं एचआर त्याच सांभाळत होत्या, पण 'नवऱ्याची खुर्ची' म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, नको ते धंदे काढून टाकले आणि 2004 मध्ये मुलीच्या हाती सूत्रं दिली.

आणि लीना नायर शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या सीईओ झाल्या तेव्हा "आमच्या वालचंदच्या!" असं सांगलीच्या आपल्या कॉलेजचं नाव घेऊन स्टेटस तूच ठेवलं होतंस ना? त्या 1992 मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या आणि शनेलची खुर्ची मिळाली 2022 मध्ये. मधल्या तीस वर्षांत कोणी ना कोणी प्रमोशनच्या यादीत त्यांचं नाव लिहिलंच असेल. यंदा तुझ्याकडची यादी तू लिहितो आहेस.

ती तुझ्या टीममधली मुलगी, "चांगली आहे, पण अजून तयार नाही" म्हणालास ती. गेल्या वर्षभरात तिला कुठलं क्लायंट एकटीला सांभाळायला दिलंस? माझ्या कानावर तुझ्याच तोंडून आलंय ते असं: टीमचे वाढदिवस ती बघते, ट्रिपची वर्गणी ती गोळा करते आणि मीटिंगचे मिनिट्सही तीच लिहिते. पुढच्या मीटिंगचे तू लिहून बघ.

तुझी,
आई

ता. क. वहिनी अजून बोर्डावर आहेत. हल्ली पेन्सिल नाही, लाल पेन आणतात, असं माझ्या जागी आलेला मुलगा सांगत होता. बिचारा घाबरलेला वाटला.